चासी कापून खाली आणलेला 72 चा सी-10: 14 महिने, 6,000 मैल

गाडी शेवरोले सी-10 पिकअप ट्रक, 1972 चा, लांब हौद्याची, व्हीलबेस 127 इंच. व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) 'झेड' हे अक्षर म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना. आज त्याच जागेवर टेस्ला बनतात आणि मी तिथून दहा मिनिटांवर राहतो. म्हणजे आम्हा दोघांत इथला मूळचा रहिवासी ट्रक, मी साताऱ्याहून आलेला.

खाली आणायची हौस सॅन होजेच्या रस्त्यांवर लागली. रविवारी संध्याकाळी लोरायडर निघतात तेव्हा जमिनीला चिकटलेल्या त्या गाड्यांकडे बघतच राहावंसं वाटतं. कॅलिफोर्नियात 1958 पासून कायदा होता, गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. 2024 च्या सुरुवातीला तो गेला. माझा ट्रक तेवढा खाली कधीच जाणार नव्हता, पण निमित्त मिळालं. (पुण्यात कुणी आपल्या जीपवर हे करायच्या विचारात असेल, तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. तिकडे मामला वेगळा आहे.)

पुढे अडीच इंचांचे ड्रॉप स्पिंडल (चाक जिच्यावर बसतं ती खुंटी, पण वर सरकवलेली) आणि दोन इंच आखूड स्प्रिंगा, म्हणजे साडेचार इंच. मागे पाच इंच आखूड स्प्रिंगा. या पिढीच्या शेवरोलेला मागे बहुधा पाटे नसतात, कॉइल स्प्रिंग आणि एक्सलला धरून ठेवणारे दोन लांब दांडे, म्हणजे ट्रेलिंग आर्म, असतात. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या गाड्यांनी हीच रचना कित्येक दशकं वापरली, त्यामुळे साधी दिसली तरी तिला हलकी समजू नका. स्प्रिंगा बदलणं एका शनिवारचं काम. खरी अडचण त्यानंतर दिसते. एक्सल आणि वरची चासी यांच्यात माझ्याकडे जेमतेम दीड इंच उरला होता. पहिल्याच खड्ड्यात रबरी बफर संपून लोखंडावर लोखंड आपटलं. मणक्याला कळलं.

म्हणून नॉच, म्हणजे खाच. एक्सलच्या बरोबर वर चासीच्या खालच्या बाजूला अर्धगोल कापायचा आणि गेलेली ताकद परत यावी म्हणून तिथे वाकवलेल्या जाड पोलादाचा तुकडा बसवायचा. हे काम मी एका गॅरेजला दिलं, आणि चूक केली ती इथे. त्यांनी ग्राइंडरने सरळ चौकोनी कोपरे मारले, वर तुकडा वेल्ड करून काळा रंग फासला. वरून झकास. तिसऱ्या महिन्यात ग्रीस करायला खाली शिरलो तर उजवीकडच्या कोपऱ्यातून रंगात केसासारखी रेघ निघालेली. नख फिरवलं, नख अडकलं. मी पोट भरतो इंजिनिअरिंगवर, कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की टोकदार कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि चीर तिथूनच सुटते. तरी काम ताब्यात घेताना रंगाखाली बघितलं नाही.

दुरुस्ती शेजारच्या काकांनी केली. मेक्सिकन-अमेरिकन, आयुष्यभर वेल्डिंग केलेले. चिरेच्या टोकाला आधी भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग चीर व्ही आकारात उकरून भरली, कोपरे गोल केले आणि आतून पट्टी दिली. डाव्या बाजूचंही सगळं उघडलं, तिथेही कोपरे तसेच. काका एकच बोलले, कापायच्या आधी कोपऱ्यात भोक पाडलं असतं तर आपोआप गोल आला असता. दोन मिनिटांचं काम. या ट्रकची पेट्रोलची टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच असते, म्हणून बॅटरी काढण्याबरोबर टाकीही उतरवून ठेवली होती. त्यांचा तो हट्टच होता. त्यानंतर 11 महिने झाले, दर महिन्याला टॉर्च घेऊन बघतो, रेघ नाही.

बाकीची लफडी एकेक करून निघाली. ट्रक खाली येताच पॅनहार्ड रॉडने (एक्सलला आडवं जागेवर धरणाऱ्या दांड्याने) मागचा एक्सल अर्धा इंच बाजूला ढकलला आणि एका बाजूचा टायर हौद्याच्या कडेला घासायला लागला. लांबी बदलता येणारा रॉड घातला, मिटलं. ताशी 50 मैलांच्या पुढे सगळी केबिन थरथरायची, त्याला जास्त वेळ गेला. आर्मचा कोन बदलला की डिफरन्शियलचं नाक वर-खाली होतं आणि लांब हौद्याच्या ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधे सेंटर बेअरिंग. आर्म आणि एक्सलच्या मधे पाचर घातली, सेंटर बेअरिंगची उंची जुळवली, शिवाय शाफ्टच्या सांध्यातला एक क्रॉस बदलला. आता 880 हायवेवर ताशी 65 मैलांना कपातली कॉफी हलत नाही, काँक्रीटचे सांधे सोडून. शॉक ॲब्सॉर्बर आखूडच घ्या, जुनेच ठेवलेत तर ते आतून ठोकतात.

पुढच्या बाजूबद्दल माझं मत आता पक्कं आहे: ड्रॉप स्पिंडल घ्या, आखूड स्प्रिंगांचा मोह टाळा. स्पिंडलने चाकाची जागा वर जाते आणि आर्मचे कोन तसेच राहतात. स्प्रिंग आखूड केली की आर्मच वर चढतात, चाकं वरून आत कलतात. 3,000 मैलांत पुढच्या टायरांची आतली कड गुळगुळीत झाली. अलाइनमेंटवाल्याने शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) इकडेतिकडे करून जमेल तेवढं जमवलं आणि हात टेकले. शेवटी दोन इंचवाल्या स्प्रिंगा काढून एक इंचवाल्या घातल्या. दिसण्यात फरक फक्त मला कळतो.

चालवायला? नाइल्स कॅन्यनच्या वळणांवर आधी हा ट्रक होडीसारखा डुलायचा, आता अंग धरून जातो. 71 पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, त्यामुळे थांबण्याची चिंता नव्हतीच. ओझ्याचं मात्र गणित बदललं. बागेसाठी लाकडाचा भुसा भरला की मागचं अंतर भराभर संपतं. स्प्रिंगांच्या आत हवेच्या पिशव्या घातल्या आहेत, ओझं असेल तेव्हा हवा भरतो. गणपतीला मंडळाचं मखर नेलं, ते हलकं होतं म्हणून काही जाणवलं नाही. नेहमीचा जॅक खाली शिरत नाही, बुटका घ्यावा लागला. हेडलाइट पुन्हा जुळवले. विमा कंपनीला बदल लेखी कळवले, हे टाळू नका.

आई उन्हाळ्यात आली होती. आधीच्या फेरीत तिला चढायला स्टूल लागायचं. या वेळी सरळ बसली आणि म्हणाली, "एवढे पैसे घालून ट्रक खाली बसवलास होय? बरं केलंस, गुडघे वाचले."

आमच्या ड्राइव्हवेवर अजूनही तिरकं चढावं लागतं, आणि सरळ गेलो तर पुढचा बंपर टेकतो. त्यासाठी सागवानाची नव्हे, साध्या पाइनची एक फळी हौद्यात कायम ठेवलेली आहे.