कारणे दाखवा नोटीस आली: राजीनामा, उत्तर, अपील की कोर्ट?

विमा कंपनीची कारणे दाखवा नोटीस आली की पुण्यातल्या एजंटाला दोन सल्ले हमखास मिळतात. शाखेतलं ओळखीचं कुणी म्हणतं, "राजीनामा देऊन टाका, प्रकरण मिटेल." नात्यातला वकील म्हणतो, "कोर्टात जाऊ." मला दोन्ही घाईचे वाटतात. नोटिशीला दिलेलं लेखी उत्तर हा सगळ्यांत कमी खर्चाचा आणि सगळ्यांत परिणामकारक मार्ग आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण एका पानात उरकतात.

आधी कारण कोणतं ते पाहा. किमान व्यवसाय झाला नाही म्हणून एजन्सी बंद होणं वेगळं आणि गैरवर्तनाचा ठपका ठेवून ती रद्द होणं वेगळं. पहिल्यात उत्पन्न बुडतं, पण नावाला डाग लागत नाही. दुसऱ्यात, इर्डाईच्या (विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाच्या) २०१६ च्या एजंट नियुक्ती नियमावलीनुसार, नाव काळ्या यादीत जातं आणि तुम्ही आणखी ज्या कंपन्यांचं काम करता त्यांनाही कळवलं जातं. धनकवडीतल्या एजंटाकडे आयुर्विमा, वाहन विमा आणि आरोग्य विमा अशा तीन कंपन्यांच्या एजन्सी असतील, तर आयुर्विम्यातल्या एका तक्रारीने मेडिक्लेमचं कामही अडू शकतं. म्हणून "एकच तर एजन्सी जाईल" हा हिशेब चुकतो.

राजीनाम्याची बाजू खरंच मजबूत कधी असते? नोटीस अजून आलेली नाही, नुसता तोंडी दबाव आहे आणि तुम्हाला तसंही त्या कंपनीत राहायचं नाही, तेव्हा. नियमानुसार नियुक्तिपत्र आणि ओळखपत्र परत केल्यावर कंपनीने १५ दिवसांत एजन्सी संपल्याचा दाखला द्यायचा असतो. मात्र त्या दाखल्याच्या तारखेपासून ९० दिवस उलटल्याशिवाय दुसरी कंपनी तुमचा अर्ज विचारात घेत नाही. हे ९० दिवस जानेवारी ते मार्चमध्ये आले, तर करबचतीचा अख्खा हंगाम हातचा जातो. शिवाय नव्या कंपनीला जुन्या एजन्सीचा सगळा तपशील द्यावा लागतो. नोटीस हातात पडल्यावर दिलेला राजीनामा तिथे काय सांगतो, हे समजायला फार डोकं लागत नाही. तुमच्या बाजूचा एकही कागद फाइलमध्ये नसतो, असतो तो फक्त आरोप.

आणि रिन्यूअल कमिशनचं, म्हणजे जुन्या पॉलिसींच्या पुढच्या हप्त्यांवर मिळणाऱ्या कमिशनचं, काय? वीस वर्षं हडपसर-मांजरी पायी तुडवून उभं केलेलं हे उत्पन्न म्हणजे एजंटाचं पेन्शनच. एजन्सी संपल्यावर ते चालू राहतं का, हे तुम्ही किती वर्षं सलग काम केलं यावर आणि एजन्सी संपण्याच्या कारणावर ठरतं. फसवणुकीचा ठपका असेल तर ते जाण्याचा धोका सगळ्यांत मोठा. २०२३ पासून कमिशनचं धोरण प्रत्येक कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, त्यामुळे शेजारच्या एजंटाला काय मिळालं यावर विसंबू नका. आपला करार आणि आपल्या कंपनीचं धोरण काढून वाचा, राजीनाम्यावर सही करण्याआधी.

आता उत्तराचा मार्ग. कंपनीने नेमलेल्या चौकशी अधिकाऱ्याची नोटीस मिळाल्यापासून उत्तराला २१ दिवस मिळतात. नोटीस कोणत्या तारखेला हातात पडली त्याचा पुरावा, लिफाफा असो की ईमेल, सांभाळून ठेवा. पहिल्याच दोन-तीन दिवसांत मूळ तक्रारीची प्रत आणि कंपनी ज्या कागदांवर बोट ठेवते आहे ते कागद लेखी मागा. मग प्रत्येक आरोपाला वेगळं उत्तर. हिंजवडीतल्या ग्राहकाला वेळ नव्हता म्हणून त्याचा ओटीपी विचारून तुम्हीच प्रस्ताव अर्ज पूर्ण केला, असा आरोप असेल तर "मी निर्दोष आहे" एवढं पुरत नाही. ग्राहकाने अर्ज आधी पाहिला होता का, व्हॉट्सॲपवर काय बोलणं झालं, पॉलिसी हातात आल्यावर त्याने किती दिवसांनी हरकत घेतली, हे तारखांसह मांडावं लागतं. आरोपातला भाग खरा असेल तर तो नाकारू नका. चूक आणि फसवणूक यांतला फरक दाखवणं हेच तिथे तुमचं खरं काम असतं, कारण पुढचा आदेश त्यावरच उभा राहतो. "विकास अधिकाऱ्यांनीच सांगितलं होतं" हे मात्र लेखी पुरावा असेल तरच लिहा.

आरोप पैशांचा असेल तर गणित बदलतं. विमा कायद्याच्या ६४व्हीबी कलमानुसार एजंटाने घेतलेला हप्ता कमिशन न कापता २४ तासांत कंपनीकडे भरायचा असतो, फक्त बँक-पोस्टाच्या सुट्ट्या वगळून. रक्कम अडकली असेल तर ती आधी भरा, पावती उत्तराला जोडा. त्याने आरोप पुसला जात नाही, पण न भरता दिलेलं उत्तर कुणी वाचतही नाही. कमिशनमधला वाटा ग्राहकाला दिल्याचा आरोप कलम ४१ खाली येतो आणि तिथे १० लाखांपर्यंत दंड आहे. असं प्रकरण वकिलाला दाखवूनच उत्तर द्या.

उत्तरात प्रत्यक्ष सुनावणी मागा आणि ते स्पीड पोस्टने तसंच ईमेलने पाठवा. आधी निलंबन झालं असलं आणि चौकशीनंतर ते मागे घेतलं गेलं, तर काळ्या यादीतलं नावही काढावं लागतं. राजीनाम्याने हे मिळत नाही.

एजन्सी रद्द झालीच तर ४५ दिवसांत कंपनीकडेच अपील करता येतं आणि अपील अधिकाऱ्याने ३० दिवसांत लेखी निर्णय द्यायचा असतो. हे जरूर करा, पण तो अधिकारीही कंपनीचाच असतो आणि त्याच्यासमोर तीच फाइल जाते. मूळ उत्तर कच्चं असेल तर अपिलात जीव ओतणं कठीण.

कोर्ट शेवटी. एलआयसी ही राज्यसंस्था, म्हणजे सरकारचाच भाग, मानली जाते (सर्वोच्च न्यायालय, १९७५), त्यामुळे सुनावणी न देता काढलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पुणे जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या नव्या सर्किट बेंचमध्ये नाही, म्हणजे फेऱ्या मुंबईलाच. खासगी कंपनी असेल तर सहसा कराराचा दावा, शिवाजीनगर कोर्टात किंवा करारात लवाद असेल तर तिथे. नारायण पेठेतल्या विमा लोकपालांकडे मात्र जाऊ नका. ती जागा पॉलिसीधारकांच्या तक्रारींसाठी आहे, एजंटाच्या नाही.

पीओएसपी (पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, साध्या पॉलिसी विकणारा प्रतिनिधी) हा पर्याय हल्ली फार सुचवला जातो. दहावी पास, १५ तासांचं प्रशिक्षण, आणि ब्रोकरमार्फत अनेक कंपन्यांची साधी उत्पादनं विकता येतात. स्वच्छपणे बाहेर पडलेल्याला तो चांगला आहे. चालू चौकशीतून पळवाट म्हणून त्याच्याकडे पाहू नका, नोंदी पॅनवरूनच तपासल्या जातात.

यातला कोणताही मार्ग घेतलात तरी आपल्या ग्राहकांना जुनी पॉलिसी मोडून नव्या कंपनीत यायला सांगू नका. त्यांचं सरेंडरमध्ये नुकसान होतं, आरोग्य विम्यात काही आजारांचे दावे मिळत नाहीत तो प्रतीक्षा काळ पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि तुमच्यावर दुसरी तक्रार उभी राहते. त्यांना हप्त्याची तारीख, शाखेचा फोन आणि नॉमिनीची नोंद तपासून द्या. निलंबनात नवा धंदा करता येत नाही, पण आपण विकलेल्या पॉलिसीचा हप्ता चुकू नये म्हणून फोन करायला कुणी अडवत नाही.