स्कॉटलंडमधलं कॅसल हॉटेल: सगळे ऋतू राहून पाहिल्यावर

नोकरीमुळे स्कॉटलंडमध्ये होतो, तेव्हा हायलँड्समधल्या एकाच कॅसल हॉटेलात आम्ही वेगवेगळ्या ऋतूंत राहून आलो. आता माझं मत पक्कं झालंय: जायचं तर हिवाळ्यात, आणि तेही भटकंतीचा बेत न आखता.

डिसेंबरात तिथे दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मग सगळे आपसूक शेकोटीभोवती जमतात आणि रात्रीचं जेवण हाच दिवसाचा मुख्य कार्यक्रम होतो. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. माणसं दिवसभर फिरून दमून येतात आणि सात कोर्सचं जेवण पेंगत उरकतात. त्यात खोल्यांचे दरही चढे.

इमारत खरीखुरी जुनी, टॉवर हाऊस पद्धतीची आहे. तळाला दगडी कमानींची कोठारं, वर मोठा हॉल, त्याच्यावर निजायच्या खोल्या. जेवण त्या हॉलमध्येच. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात समोरासमोर दोन दगडी बैठका आहेत. सकाळचा चहा मी तिथेच घ्यायचो. नावात ‘कॅसल’ असलं म्हणजे हे मिळेलच असं नाही. फोर्ट विल्यम या गावाजवळच्या इनव्हरलॉकी कॅसल हॉटेलची वास्तू १८६३ची; त्याच नावाचा तेराव्या शतकातला किल्ला जवळच पडक्या अवस्थेत आहे. १८७३मध्ये राणी व्हिक्टोरिया त्या नव्या वास्तूत राहिली होती, त्यामुळे त्या वास्तूचंही अप्रूप आहेच. पण किल्ल्यात राहायची हौस असेल तर बांधकामाचं साल आधी बघा.

आम्ही राहिलो ती इमारत वारसा वास्तूंच्या ‘ए’ या सर्वोच्च श्रेणीत संरक्षित आहे, फेरफाराला परवानगी लागते, त्यामुळे लिफ्ट नाही. चक्री जिना अरुंद, पायऱ्या झिजलेल्या. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिच्यासाठी नंतर बांधलेल्या भागातली खोली मागून घेतली. बुरुजातल्या खोलीत वायफाय जेमतेम. ते मी सोडून देईन, पण सकाळी नळाला कोमट पाणी? तक्रार केल्यावर खोली बदलून मिळाली, पुढच्या खेपेला पुन्हा तेच. एवढे पैसे घेतल्यावर हे चालवून घेता येत नाही.

जेवणाला मात्र तोड नाही. पश्चिम किनाऱ्यावरचे लँगुस्टीन (छोट्या लॉबस्टरसारखे) लोण्यात जेमतेम परतलेले, गोडसर. आई शाकाहारी, दोन दिवस आधी कळवलं होतं. तिच्यासाठी सेलेरिॲकचा अख्खा कंद मिठाच्या कवचात भाजून टेबलापाशी आणला. वेटरने चमच्याच्या पाठीने कवच फोडलं, भपकन वाफ आली, मग पातळ काप करून वर तांबूस केलेलं लोणी आणि हेझलनट घातले. आई म्हणाली, “सुरणासारखं दिसतंय, पण किती मऊ!” आणि माझ्या ताटातल्या हरणाच्या मांसाकडे ढुंकूनही न बघता सगळं संपवलं. प्रत्येक कोर्सबरोबर वेगळी वाईन घेण्याचा आग्रह होतो. मला तो पटला नाही. चौथ्या ग्लासानंतर चवच कळेनाशी होते. दोन ग्लास पुरे.

खोलीबरोबरच जेवणाचं टेबलही राखून ठेवा. शनिवारी बाहेरचे लोकही जेवायला येतात आणि मुक्कामाला असलेल्यांनाही जागा मिळत नाही.