तेल, गुरांचं औषध की कुत्र्याचा स्प्रे? इग्वानावरच्या माइटसाठी मी काय निवडलं

इग्वाना, म्हणजे पाला खाणारा मोठा सरडा, पाळणाऱ्याला उबेचा दिवा कोणता आणि पाला कोणता हे सांगायची गरज नसते. आमचा ढेमशा शेवग्याच्या पाल्यावर आणि जास्वंदीच्या फुलांवर मजेत वाढलाय. गावात मात्र त्याला कोणी इग्वाना म्हणत नाही. "काहून रे, घोरपड पायली का?" हा प्रश्न राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. घोरपड आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, ती पाळणं गुन्हा. हिरवा इग्वाना परदेशी, पण सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणून २०२४ च्या नियमांनुसार त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. नोंदणीच्या कागदाची प्रत मी त्याच्या डब्यालाच चिकटवून ठेवलीय. जनावरांच्या डॉक्टरकडे जायची वेळ आली की रस्त्यात ती उपयोगी पडते.

आणि ती वेळ आली. चूक माझीच. दिवाळीनंतर नागपुरातून एक जुना लाकडी पिंजरा स्वस्तात आणला. त्यात आधी कोणाचा तरी बॉल पायथन, म्हणजे पाळीव अजगर, राहत होता. दोन-तीन आठवड्यांनी ढेमशा पाण्याच्या घमेल्यातून बाहेर यायला तयार नव्हता. भर डिसेंबरात दिवसभर पाण्यात. मला वाटलं कात टाकायची असेल. पण त्याच्या अंगावर माइट झाले होते, रक्त पिणारे बारीक जीव.

माइट ओळखायचा कसा, याबद्दल थोडकंच सांगतो. कपाशीवरची लाल कोळी ही कीड पाहिलीय ना, तिचाच हा दूरचा भाऊबंद, फक्त रस न पिता रक्त पितो. सापांवरून येणारा माइट काळसर, खसखशीच्या दाण्याहून लहान. इग्वानावर नेहमी आढळणारा दुसरा एक लालसर-नारिंगी असतो. दोघांचे अड्डे तेच: डोळ्यांच्या कडा, कानाच्या पडद्याभोवती, गळ्याच्या पिशवीच्या घड्या, काखा आणि शेपटीच्या मुळाशी. कातीचा तुकडा समजून फसायला होतं, पण कातीचा तुकडा चालत नाही. ओला पांढरा टिश्यू पोटाखालून फिरवा आणि त्यावरचा ठिपका नखाने दाबा. रक्ताची रेघ उमटली की शंका संपली. काळपट खवल्यांवर मिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर ती त्यांची विष्ठा. गोचीड वेगळी. ती बोटाला लागते, एकाच जागी रुतून बसते आणि चिमट्याने काढता येते. माइट चिमट्याने काढत बसलात तर उन्हाळा येईल.

आता तीन उपायांकडे. तिन्ही मी करून पाहिले, म्हणून हा उपद्व्याप.

पहिला तेल. अंगाला तेल चोपडलं की माइटचा श्वास कोंडतो आणि तो मरतो. विष नाही, खर्च नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. आजी म्हणाली, "जवसाचं चोपड, बाप्पा. गुरायले लावतो तसंच." जवस टाळा. ते सुकताना चिकट होतं, पाटाला लावलेल्या वार्निशसारखं. मी खोबरेल घेतलं. ते आमच्याकडच्या डिसेंबरात बाटलीतच गोठतं, म्हणून रोज बाटली उन्हात ठेवायची, मग कापसाच्या बोळ्याने घडीघडीत लावायचं. तेलाने माइट मरतात हे मी पाहिलंय. पहिल्या दिवशी पुसलेल्या फडक्यावर वीस-पंचवीस काळे ठिपके होते.

माझं बिनसलं ते कापसामुळे. राळेगावकडच्या घरात डिसेंबरात कापूस नाही असं होत नाही. त्या वर्षी भाव वाढेल या आशेने मधल्या खोलीत छताला लागेल एवढा कापसाचा गंज होता, आणि ढेमशाचा पिंजरा त्याच खोलीच्या दारात, कारण घरातली तेवढीच जागा उबदार. कापूस ठेवलेल्या घरात राहिला असाल तर सांगायला नको. तंतू हवेत असतात, चहात पडतात, भाकरीवर बसतात. तेल लावलेल्या इग्वानावर तर ते गूळ पाहून मुंग्या याव्यात तसे आले. अर्ध्या तासात त्याला पांढरी लव फुटली. पाठीवरच्या काट्यांना एकेक पुंजका अडकलेला, गळ्याच्या पिशवीखाली दाढी. वहिनी म्हणाली, "हे त जत्रेतलं बुढ्ढी के बाल झालं." सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री तंतू काढताना डोळ्याच्या कडेशी एक धागा गुंडाळलेला दिसला, मागच्या पायाच्या बोटाला दुसरा. बोटाला धागा आवळला गेला तर रक्त थांबतं आणि बोट काळं पडून गळतं. कात नीट न सुटल्यावर जे होतं तेच. मग रोज तेल लावायला दहा मिनिटं आणि तंतू काढायला पाऊण तास. त्यात तो ज्या तंतूत लोळायचा त्यातच नवे माइट लपायचे, असा माझा संशय. मोजून सिद्ध केलेलं नाही, पण आठव्या दिवशी टिश्यूवर ठिपके पुन्हा पहिल्याइतकेच होते.

या आठ दिवसांत गावाने सल्ल्यांची कमी पडू दिली नाही. रॉकेल, तंबाखूचं पाणी, आणि शेजारच्या काकांचा सर्वांत धोक्याचा: "फवाऱ्याचं औषध हाये ना घरी, थेंबभर टाक बादलीत." हे नीट वाचा, कारण पुढे मी ज्या औषधाच्या बाजूने बोलणार आहे त्याच नावाचं औषध कापूसवाल्यांच्या घरात असतं. कपाशीवर मारायचं फिप्रोनिल हे कीटकनाशक ५ टक्क्यांचं, कुत्र्याच्या स्प्रेतलं ०.२५ टक्के. म्हणजे वीसपट तीव्र, शिवाय त्यात मिसळलेली इतर रसायनं पिकासाठी, कातडीसाठी नाहीत. पाणी घालून ते प्राण्याचं होत नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी गेले ते आम्ही विसरलेलो नाही. ती बाटली माणसाच्या हातात असतानाही भीती वाटते, दीड किलोच्या जनावराचं काय सांगू.

दुसरा उपाय आयव्हरमेक्टिन, म्हणजे आपलं गुरांच्या गोचिडांवरचं इंजेक्शन. गावात सहज मिळतं, हा त्याचा मोठा गुण. डॉक्टरांनी मला इंजेक्शन न देता पाण्यात मिसळून फवारायला सांगितलं: १ टक्क्याच्या औषधाचा अर्धा मिली एक लिटर पाण्यात, दर चार दिवसांनी, तीन-चार आठवडे. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. म्हणून प्रत्येक फवाऱ्याआधी बाटली जोरात हलवायची, नाहीतर वरचं नुसतं पाणी मारलं जातं आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळी मात्रा. उजेडातही ते खराब होतं, म्हणून बाटलीला काळा कागद. एवढं मी केलं असतं. पण दर चार दिवसांनी जनावर ओलंचिंब, वर आमच्याकडची थंडी आणि संध्याकाळी सहाला गेलेली लाइट. दिवा बंद, अंग ओलं, ढेमशा दगडासारखा गार. दोन वेळा करून मी थांबलो. उन्हाळ्यात असतो तर कदाचित इथेच थांबलो असतो, आणि हा लेख वेगळा झाला असता. घरात कासव असेल तर मात्र या औषधाचा विचारही नको, कासवांना ते प्राणघातक ठरतं.

तिसरा, कुत्र्यांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा स्प्रे. तालुक्याला मिळाला नाही, नागपूरहून मागवला. तिघांत महाग, आणि बाटलीवर पालीसरड्यांचं नाव कुठेही नाही. डॉक्टर आपल्या अनुभवावर सुचवतात, तेव्हा विचारूनच वापरा. थेट फवारायचा नाही. हातमोजे घालून अंगणातल्या सावलीत फडकं ओलं करायचं आणि त्याने अंग पुसायचं. डोक्यापाशी कान साफ करायच्या काडीने, डोळे, नाक, तोंड सोडून. वास स्पिरिटचा, उग्र. ढेमशाने पहिल्यांदा तोंड उघडून माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. स्पिरिट पूर्ण उडेपर्यंत दिव्याखाली न्यायचं नाही, पेट घेऊ शकतं. पण ते उडतं दहा-पंधरा मिनिटांत. अंग कोरडं आणि तंतू चिकटत नाहीत! दहा दिवसांनी पुन्हा, आणखी दहा दिवसांनी तिसऱ्यांदा. दुसऱ्या वेळेनंतर टिश्यू कोरा निघाला, तिसरी वेळ मनाच्या समाधानासाठी. ससा असलेल्या घरात हे औषध नको, सशांना ते मानवत नाही.

श्रेय सगळं स्प्रेला देणं बरोबर नाही. तेलाने काही मेले असतील, आयव्हरमेक्टिननेही काही. आणि खरा लढा अंगावर नसतोच. या काळ्या माइटची मादी रक्त पिऊन झालं की जनावरावरून उतरते आणि फटीत अंडी घालते. उबेत अंड्यापासून नवा माइट व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. अंड्यांवर या तिघांपैकी कशाचाही भरवसा नाही, म्हणून तर पुन्हा पुन्हा लावायचं. तो लाकडी पिंजरा मी शेवटी चुलीत घातला. सांध्यांमध्ये टॉर्च मारला तेव्हा आत काळी रांग हलताना दिसली होती, त्यानंतर तो विकायची हिंमत झाली नाही. बाभळीची फांदीही गेली. महिनाभर ढेमशा पत्र्याच्या पेटीत, खाली जुना पेपर, रोज सकाळी पेपर बदलायचा आणि काढलेला लगेच जाळायचा. पाण्याचं घमेलं उकळत्या पाण्याने धुवायचं. मे महिना असता तर रिकामी पेटी नुसती उन्हात बंद करून ठेवली असती. आपल्या उन्हात बंद पत्रा पन्नास अंशांच्या पुढे सहज जातो आणि त्यात माइट तगत नाही. उन्हाळ्यात हा त्रास झाला तर विदर्भात राहिल्याचा तेवढा फायदा घ्या.

तर माझा कल कळलाच असेल. जनावर मोठं असेल, खातंपितं असेल, हिवाळा असेल, तर मी फडक्याने फिप्रोनिल लावेन. उन्हाळ्यात आणि मोठ्या पिंजऱ्यात दोन-तीन जनावरं असतील तर आयव्हरमेक्टिन परवडेल, बाटली हलवायचा कंटाळा नसेल तर. पिल्लू असेल, रक्त कमी झाल्यामुळे हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, तर स्पिरिटचा धोका घेऊ नका. डॉक्टरांना दाखवा आणि तोवर तेलावर भागवा. फक्त तेलाची बाटली उघडायच्या आधी कापूस विकून टाका, नाहीतर निदान खोली बदला.