‘ऑइल फिनिश’चे पैसे घेतले आणि दस्त्यावर लॅकर मारलं

आमच्या घरी वडिलांच्या वेळची बारा बोअरची एकनळी बंदूक आहे, शेतीसंरक्षण परवान्यावरची. दस्ता अक्रोडाचा. पावसाळा संपला की वडील जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहातावर घ्यायचे आणि लाकूड गरम लागेपर्यंत चोळत बसायचे. ते गेले, परवाना माझ्या नावावर झाला, पण ते चोळणं माझ्याकडून राहून गेलं. निवडणुकीत जमा केलेली बंदूक परत आणली तेव्हा दस्ता अगदी कोरडा, पांढुरका दिसला. फार वाईट वाटलं.

शहरातल्या एका परवानाधारक दुकानात दाखवली. ‘हाताने चोळून ऑइल फिनिश, दहा हात,’ असं सांगून ४,५०० रुपये ठरले. बंदूक रीतसर पावती करून ठेवली. चौथ्या दिवशी फोन आला, घेऊन जा.

मला तिथेच शंका यायला हवी होती. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते लाकडात हळूहळू घट्ट होतं, त्याला वेळ लागतोच. जुना हिशोब असा: आठवडाभर रोज एकदा, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा, मग दरवर्षी एकदा. चार दिवसांत दहा हात बसूच शकत नाहीत. पण दस्ता आरशासारखा चमकत होता, आणि मी त्या चमकेला भुललो.

पहिल्याच पावसाळ्यात पकडीजवळ पांढरे डाग उठले. मग नखाने पापुद्रा निघायला लागला. गावातले आमचे सुतारकाका घरी आले होते, त्यांना दाखवलं. त्यांनी मला दस्त्याच्या टोकाची, खांद्याला टेकणारी लोखंडी प्लेट काढायला लावली. आत लाकूड कोरंच होतं, तेलाचा थेंबही नाही. लाकडाच्या रेषा तिथे आडव्या कापलेल्या असतात, म्हणून सगळ्यात जास्त ओल तिथूनच शिरते. तेल आधी तिथे मुरवायचं असतं. काकांनी कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून कडेला जरा वेळ दाबून धरला. बोळा तपकिरी, चिकट झाला आणि खालचं लाकूड फिकट निघालं. ‘हे फर्निचरचं लॅकर आहे, रंग घालून मारलंय,’ काका म्हणाले. मुरून पक्कं झालेलं तेल असं थिनरने लगेच विरघळत नाही.

ही फसवणूक पैशांची, ती मी सोसली असती. पण त्यांनी आधी मशीनने दस्ता इतका घासला होता की लाकूड लोखंडाच्या खाली गेलं. प्लेटची कड चारही बाजूंनी बाहेर आली आणि पकडीवरची चौकटींची नक्षी अर्धी पुसली गेली. दुकानात गेलो तर बिलावर बोट ठेवलं. बिलात फक्त ‘पॉलिश’ लिहिलेलं. म्हणून सांगतो, काम देताना ‘जवसाचं तेल, लॅकर नाही, मशीनने घासायचं नाही’ असं बिलावर लिहून घ्या, आणि देण्याआधी प्लेटच्या कडेचे, नक्षीचे फोटो काढून ठेवा.

लॅकर मी स्वतःच थिनरने उतरवलं, पॉलिश पेपर जवळजवळ लावलाच नाही. बारीक पोचे ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून वर आणली. तेलातही एकदा फसलो. रंगाच्या दुकानातून ‘डबल बॉइल्ड’ म्हणून आणलेल्या बाटलीतला थेंब काचेवर ठेवला, तर आठ दिवसांनीही ओलाच. त्यात न वाळणारं काहीतरी मिसळलेलं असणार. दुसरीकडच्या तेलाची तीन दिवसांत साय धरली, मग तेच वापरलं. एका वेळी अगदी पातळ हात द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. नाही पुसलं तर चिकट थर बसतो. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. मी ती अंगणात दोरीवर पसरून वाळवतो.

आता तिसरा महिना चालू आहे. रंग वडिलांच्या वेळेसारखा गडद यायला लागलाय. लाकूड मात्र परत येत नाही. दस्ता खांद्याला लावला की प्लेटची ती कड अजून टोचते.