उवांची स्टीलची फणी : मागच्या शिबिरापासून दात निखळेपर्यंतचा अनुभव

मागच्या एप्रिलपासून वापरात असलेल्या फणीचे दोन दात गेल्या आठवड्यात मुठीतून सुटले. दुकानात नेली तर 'वापरलेली फणी बदलून मिळत नाही' एवढंच उत्तर. यंदाची उन्हाळी शिबिरं तोंडावर आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

फणी सगळ्यांच्या ओळखीची आहे: लांब गोल दात, त्यांवर बारीक आटे आणि वर रंगीत प्लॅस्टिकची मूठ. काम उत्तम करते. दोन्हीकडे दात असलेली जुनी प्लॅस्टिकची फणी दाट केसांत वाकते, दातांमधली फट वाढते आणि लिखा मागेच राहतात. स्टीलचे दात वाकत नाहीत. दोष आहे तो मुठीत.

पाकिटावर 'वापरानंतर उकळून घ्या' असं छापलंय आणि नेमकं तेच फणीच्या मुळावर येतं. तापल्यावर प्लॅस्टिक स्टीलपेक्षा कैकपट फुगतं आणि गार झाल्यावर आकसतं. दर खेपेला दाताभोवतीची पकड थोडी सैल होते, तिथे पाणी शिरतं आणि दात डुगडुगायला लागतो. खरं तर उकळायची गरजच नाही. ५५ ते ६० अंशांच्या, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवली की पुरतं. नंतर जुन्या टूथब्रशने दातांच्या मुळाशी घासायची आणि दात खाली करून सुकवायची, म्हणजे पाणी सांध्यात उतरत नाही.

एका दाताचं एवढं काय, असं वाटेल. पण लीख जेमतेम ०.३ मिमी रुंद असते. दात किंचित सरकला तरी त्या फटीतून लिखा बिनधास्त सुटतात आणि डोकं साफ झालं असं आपण समजून बसतो. साधा प्रिंटरचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. त्याचे तीन पदर एकावर एक धरून प्रत्येक फटीत घालून पाहायचे, टोकाशीही आणि मुळाशीही. सैल सरकले तर ती फणी लिखांसाठी निकामी. दर दोन महिन्यांनी ही तपासणी हवीच.

पहिले दोन महिने माझं मत होतं की भरपूर खोबरेल लावून फणी फिरवणं सर्वांत चांगलं. ते मत आता बदललं आहे. तेलाने फणी सरकते खरी, पण तेलकट केसांत ऊ चटकन दिसत नाही. तेल काढायला दोनदा शाम्पू लागतो तो वेगळाच, आणि टँकरच्या दिवसांत तेवढं पाणी परवडत नाही. पांढरा, स्वस्तातला कंडिशनर बरा. त्यात ऊ थोडा वेळ हालत नाही आणि पांढऱ्यावर लगेच नजरेत भरते. खांद्याखाली येणाऱ्या केसांना ३ ते ४ मोठे चमचे लागतात. महागड्याने काहीही जास्त निघत नाही.

आधी रुंद दातांच्या कंगव्याने गुंता पूर्ण काढायचा, टोकांपासून वर जात. हे टाळलं तर फणी केस ओढते आणि मूल पुन्हा डोक्याला हात लावू देत नाही. मग पिनांनी दोन-दोन सेंमीच्या बटा करायच्या. दात टाळूला टेकवून टोकापर्यंत एका दमात ओढायचं आणि दर ओढीनंतर फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसायची. एकेका बटेवरून वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी फणी फिरली पाहिजे. कानांमागे आणि मानेवर जास्त वेळ द्या, लिखा तिथेच अधिक असतात. दाट केसांना अर्धा तास लागतो. पंधरा मिनिटांत उरकलं तर काहीतरी सुटलेलं असतं.

पांढरा कण बोटाने सरकला तर तो कोंडा. केसाला चिकटून बसला तर लीख. टाळूपासून ६ मिमीच्या पलीकडची लीख बहुतेक वेळा रिकामी किंवा मेलेली असते, कारण केस महिन्याला साधारण एक सेंमी वाढतो आणि अंडी मुळाशीच घातली जातात.

शिबिराला निघण्याच्या आदल्या रात्री तपासणं हा सर्रास होणारा घोळ आहे. अंडी फुटायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून दोन आठवडे आधी बघा. काही सापडलं तर पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी फणी फिरवा. परतल्यावर त्याच दिवशी एकदा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. खाज नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिल्यांदा उवा झाल्या तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात.

डॉक्टरांनी १ टक्का पर्मेथ्रिन दिलं असेल तर आधी शाम्पूने केस धुवून टॉवेलने टिपायचे. त्याआधी कंडिशनर लावायचा नाही, त्याच्या थरामुळे औषध केसाला नीट लागत नाही. १० मिनिटांनी धुवायचं. नवव्या दिवसाच्या आसपास जिवंत ऊ दिसली तर पुन्हा. रॉकेल अजूनही काही घरांत लावतात, ते कधीही लावू नका. ते पेट घेतं आणि कातडी भाजते.

शिबिरातले केस सोपेच ठेवावेत. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. ती डोक्याला डोकं लागून चढते, म्हणून तंबूत शेजारी झोपणाऱ्या मुलींना रात्रीसुद्धा वेण्या हव्यात. दोन वेण्या, मुळाशी सैल. कानशिलाजवळ ताणून बांधल्या तर डोकं दुखतं आणि तिथले केस तुटतात. धातूचा जोड असलेलं रबर नको, कापडी घ्या. ओल्या केसांची वेणी घालू नका, ओला केस ताणला की लवकर तुटतो. पोहायचं असेल तर तलावात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस भिजवायचे, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. पोहणं नसेल तर आठवड्याच्या शिबिरात एकदाच धुतले तरी चालतं. आपला कंगवा आणि टॉवेल कुणाला द्यायचा नाही, हे मुलांना निघण्याआधी बजावून सांगावं.

फणी मात्र बॅगेत देऊ नका, ती घरचं काम करते. नवी घेताना मूठही स्टीलची असलेली, एकसंध घ्या. माझी प्लॅस्टिक मुठीची वर्षभर टिकली, पण शेवटी दुसरी घ्यावी लागलीच. दुकानात पाकीट उघडून प्रत्येक दात नखाने हलवून बघा. एक जरी हलला तर ती परत ठेवा आणि दुसरी काढायला सांगा.