१९७० च्या शेव्हरोले सी-१० मध्ये ५.३ लिटर एलएम७: आठ महिन्यांनंतर

१९७० ची सी-१० पिकअप, त्यात २००२ च्या सिल्व्हरॅडोचं (शेव्हरोलेचीच नंतरची पिकअप) एलएम७ हे व्ही-८ इंजिन आणि त्याच्याच जोडीचा ४एल६०ई हा ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरवणारा वरचा गिअर) असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आठ महिने रोज चालवून इंजिनाबद्दल एकही तक्रार नाही. कडाक्याच्या थंडीतही पहिल्या सेल्फला सुरू होतं. मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो ३.७३, टायर २८ इंची. ताशी ७० मैलांना जेमतेम २,२०० आरपीएम. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या जुन्या गिअरबॉक्सवर त्याच वेगाला ३,१०० लागायचे.

त्रास देतं ते इंजिनाभोवतीचं काम, त्यातही पेट्रोलची लाइन. जुन्या इंजिनाच्या कार्बोरेटरचं ५-७ पीएसआय दाबावर भागायचं, इथे फ्युएल इंजेक्शन असल्याने कायम ५८ हवेत. सीटमागच्या मूळ टाकीत पेट्रोल धरून ठेवणारा आडोसा नाही. बाहेरून पंप जोडला, तर टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल उरलं की वळणावर तो हवा ओढतो, गाडी गचके खाते आणि कोरडा फिरून पंप जळतो. टाकी मागे चासीच्या दोन बीममध्ये घ्या, पंप तिच्या आतच बसवा. कॉर्व्हेटच्या (शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार) पेट्रोल फिल्टरमध्ये दाब नेमका ठेवणारा रेग्युलेटर असतोच: टाकीकडे दोन नळ्या (एक येणारी, एक परतीची), इंजिनाकडे एक. कार्बोरेटरचा रबरी होज मुळीच वापरू नका. होजवर एसएई ३०आर९ (इंजेक्शनच्या होजचं मानक) छापलेलं बघूनच घ्या.

सिल्व्हरॅडोचं ऑइल पॅन (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चासीच्या आडव्या बीमच्या, खाली लोंबतं. १९९८-२००२ च्या कॅमॅरोचं (शेव्हरोलेची आणखी एक स्पोर्ट्स कार) पॅन बसतं, पण त्यासोबत पिकअप ट्यूब (पॅनमधून तेल ओढणारी नळी), विंडेज ट्रे (क्रँकशाफ्टखालचा पत्रा) आणि डिपस्टिकही कॅमॅरोचीच हवी. पिकअप ट्यूबची ओ-रिंग नवी घाला, तेल लावून सरळ दाबा. ती चिमटली तर तेलाचा पंप हवा ओढतो, ऑइल प्रेशर पडतं आणि पॅन पुन्हा उतरवावं लागतं.

हेडवरून निघणारी वाफेची बारीक नळी बंद करू नका, रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडा. बंद केली की चढ चढून सिग्नलला थांबल्यावर टेम्परेचरचा काटा एकदम उसळतो आणि परत खाली येतो; हेडमध्ये वाफ अडकल्याची ती खूण.

एसीचा कॉम्प्रेसर खाली उजवीकडे चासीला टेकतो, त्याला वर नेणारा ब्रॅकेट आधीच आणून ठेवा. या गिअरबॉक्सला जुन्या स्पीडोमीटरची केबल जोडता येत नाही. जीपीएसचा मीटर सोपा पडतो.

अर्थिंगला कंजुषी नको. केबिन रबरावर बसलेली आहे, म्हणून हेडपासून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) एक आणि ब्लॉकपासून चासीला एक, अशा दोन जाड पट्ट्या द्या, आणि बोल्टखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडा. अर्थ कच्चा असेल तर आयडलिंग वरखाली होतं, आणि माणूस उगाच सेन्सर बदलत बसतो.