श्रूजबेरी की नानकटाई?

पाहुण्यांसोबत पुण्याची खूण म्हणून काही द्यायचं, तर कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं. बेकरी १९५५ची, रांगेची तयारी ठेवा. मैदा, साखर, भरपूर लोणी. डबा उघडताच वास घरभर.

नानकटाईचा थाट वेगळा. तूप आणि पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसायची, मैद्यात थोडं बेसन, रवा, वर वेलची-जायफळ. तुपामुळे ती दातांनी चावावीच लागत नाही, तोंडात विरघळते. (चहात बुडवाल तर तळाशी गाळ!) पूर्वी दिवाळीआधी घरचं सामान गल्लीतल्या बेकरीत नेऊन भट्टीत भाजून आणायचे, ती चव पुड्यातल्या नानकटाईला नाही.

भेटीला श्रूजबेरीच द्या. चारच्या चहासोबत घरी खायला मात्र मला नानकटाई हवी, तीही साजूक तुपातली.